वादळाआधी मुरिंग: माझी जोडणी तपासून द्याल का?

निळी_रेघ

नमस्कार मंडळी. माझी १० मीटरची शिडाची बोट वर्षभर मुरिंगवरच, म्हणजे तळाशी कायमच्या टाकलेल्या वजनाला बांधून, उभी असते. वादळांचा मोसम तोंडावर आलाय, म्हणून सगळी जोडणी इथे मांडतो. हातचं न राखता चुका काढा.

तळ मऊ चिखलाचा. ओहोटीला पाणी ३ मीटर, उधाणाच्या भरतीला साडेपाच. तळाशी १ टनाचा काँक्रीटचा ठोकळा, त्याला १२ मिमीची १५ मीटर साखळी, वर बोया (तरंगता गोळा), आणि बोयापासून नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, क्लीटपर्यंत (दोर अडकवायचा खुंटा) ३ मीटरचा २० मिमी नायलॉनचा दोर. एकच दोर. रोजच्या वाऱ्यात आजवर काही तक्रार नाही.

खरं वादळ आलं तर यातलं आधी काय जाईल?

साखळदंड

ठोकळा आहे तो पुष्कळ झाला. साखळी मात्र बारीक आहे. २० मिमीची टाका आणि निवांत झोपा. जड साखळी तळावर लोळत पडलेली असते, लाट आली की ती उचलली जाते आणि धक्का तिथेच जिरतो. जुने खलाशी हेच करत आलेत, उगाच नाही.

कोनमापक

साखळदंड, जड साखळीशी माझं भांडण नाही. "निवांत झोपा"शी आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० नॉटला (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) दर चौरस मीटरला साधारण १५ किलो, ६० नॉटला ६० किलो, १०० नॉटला १६५ किलो. १० मीटरच्या बोटीचं समोरून वाऱ्याला भिडणारं क्षेत्र, डोलकाठी आणि दोरखंड धरून, ढोबळ ८ चौरस मीटर घेऊ. म्हणजे ३० नॉटला ओढ १२० किलो आणि ६० नॉटला ४८० किलो. हा नुसता स्थिर वारा झाला. लाटांचे झटके आणि बोट आडवी झाल्यावर वाढणारं क्षेत्र यात धरलेलं नाही. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनावर १२ क्रमांक, म्हणजे चक्रीवादळी वारा, ६४ नॉटला सुरू होतो, तेव्हा ६० नॉट म्हणजे काही अतिशयोक्ती नव्हे.

आता साखळी. १२ मिमीची साखळी पाण्यात मीटरला पावणेतीन किलोच्या आसपास भरते. साडेपाच मीटर पाण्यात १५ मीटर साखळी असेल तर शेवटची कडी तळावरून उचलायला आडवी ओढ लागते फक्त ५० किलो. तुमच्या बोटीला तेवढी ओढ २० नॉटच्या वाऱ्यातच मिळते. २० मिमीची टाकली तरी हा आकडा १३५ किलोच्या आसपास जातो, म्हणजे ३२ नॉट. त्यापुढे साखळी ताठ, जवळजवळ लोखंडी कांबच. धक्का जिरवायचं तिचं काम तिथे संपलं.

म्हणजे साखळीचा झोल रोजच्या दिवसासाठी आहे. वादळात धक्का खाणारं दुसरं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे नायलॉन.

साखळदंड

कागदावर ठीक आहे. पण १ टन ठोकळा काय चालायला लागणार आहे का?

कोनमापक

लागेल की. काँक्रीटची घनता २.४ च्या आसपास. समुद्राच्या पाण्यात ठोकळा स्वतःच्या आकारमानाएवढं पाणी सारतो, त्यामुळे १००० किलोतले जवळपास ४३० किलो तिथेच वजा होतात आणि उरतात ५७० किलो. लोखंडाचं तसं नाही, ते पाण्यात जेमतेम १३ टक्के हलकं होतं. नुसत्या वजनावर टिकणाऱ्या ठोकळ्याची आडवी पकड या उरलेल्या वजनाच्या साधारण निम्मी धरतात, म्हणजे २८५ किलो. वरच्या हिशोबाने ४६-४७ नॉटला ठोकळा सरकायची तयारी करतो. चिखलात रुतून चोषण, म्हणजे चिखलाने खाली धरून ठेवणं, तयार झालं असेल तर जास्त तग धरेल, पण एकदा जागचा हलला की ते चोषणही जातं.

आणि हे ओढ अगदी आडवी असेल तर. पुढचा प्रश्न कोनाचा आहे. साखळी-दोराची लांबी तळापासून नाळेपर्यंतच्या उंचीच्या जितक्या जास्त पट, तितकी ओढ आडवी.

बोयापर्यंतची साखळी आणि दोर मिळून तुमच्याकडे १८ मीटर आहेत. नाळ पाण्यापासून १.२ मीटर उंच धरतो. ओहोटीला १८ भागिले ४.२, म्हणजे चारास एक. उधाणाला १८ भागिले ६.७, म्हणजे २.७ ला एक. आता वादळासोबत पाण्याची पातळी चढते तो फुगवटा अडीच मीटर धरा. १८ भागिले ९.२, दोनाला एकसुद्धा नाही. ओढ तळाशी ३० अंशाच्या कोनात येते. ५०० किलोचा ताण असेल तर त्यातले २५० किलो ठोकळ्याला वर उचलायला लागतात. ५७० मधून २५० गेले, उरले ३२०, त्याची पकड १६०. आणि आडवी ओढ ४३० किलो. निकाल सांगायला नको.

काठावरची

बापरे. म्हणजे वारा नाही, पाणीच बोट नेतं?

कोनमापक

दोघं मिळून. पण लोक वाऱ्याचा अंदाज बघतात आणि पाण्याचा बघत नाहीत. १९ ऑगस्ट १९९१ ला हरिकेन बॉब अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आलं, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या बझर्ड्स बे या निमुळत्या उपसागरात पाणी १० ते १५ फूट चढलं होतं. मुरिंगवरच्या पुष्कळ बोटी सुटून किनाऱ्याला लागल्या. निमुळती होत जाणारी खाडी किंवा उपसागर असेल तर फुगवटा आत शिरताना आणखी उंचावतो, आणि त्याच जागा एरवी सुरक्षित म्हणून निवडलेल्या असतात.

पाणबुड्या

मुरिंग तपासणं हाच माझा धंदा, तेव्हा थोडं खालचं सांगतो.

ठोकळा, साखळी, बोया या क्रमाने लोक विचारतात. पण वादळानंतर मी खाली उतरतो तेव्हा बऱ्याचदा ठोकळा जागेवर, साखळी जागेवर, बोया वर डोलतोय आणि बोट नाही. वरच्या दोराचं टोक पिंजलेलं. बोट नाळेपाशी सुटते, तळाशी नाही. निळी_रेघ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच: आधी तो एकुलता एक दोर जाईल.

तरी तळाचं सांगतो. चिखल असेल तर स्क्रू नांगर बघा. लांब दांडा, त्याला एक-दोन रुंद पाती, यंत्राने पिळून तळात खोल घालतात. पकड वजनावर नसून वरच्या मातीवर असते, त्यामुळे उभी ओढ आली तरी ठोकळ्यासारखा उचलला जात नाही. दांड्याचं डोकं तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली हवं. वर राहिलं तर आडव्या ओढीने मऊ चिखलात दांडा वाकतो. खडकाळ किंवा मोठ्या गोट्यांच्या तळात हा उपयोगाचा नाही. तिथे खडकात भोक पाडून पिन बसवतात.

मशरूम नांगर, म्हणजे उलट्या छत्रीसारखा, चिखलात पूर्ण पुरला गेला तर त्याच्या वजनाच्या कित्येक पट धरतो. "पूर्ण पुरला गेला तर" हे महत्त्वाचं. त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि तळावर नुसता आडवा पडलेला मशरूम म्हणजे फक्त लोखंडाचं वजन.

तिरपा_वारा

मंडळी, सगळ्यात चांगलं मुरिंग म्हणजे रिकामं मुरिंग. बोट पाण्याबाहेर काढा. उंच जागी ठेवा, शिडाच्या बोटीची डोलकाठी उतरवा, टेकूंना साखळीने एकमेकांशी जोडा आणि बोटीवरून पट्टे टाकून जमिनीतल्या नांगरांना आवळा. ज्याला शक्य आहे त्याने हा धागा इथेच बंद करावा.

निळी_रेघ

मान्य. पण वादळाचा इशारा आला की क्रेनची रांग किती लांब होते हे तुम्हालाही माहीत आहे. जमलं तर काढणारच. नाही जमलं तर मुरिंग तयार हवं, म्हणून हा खटाटोप.

पाणबुड्या, दोराचं जरा सविस्तर सांगा ना. नायलॉन चुकीचा आहे का?

पाणबुड्या

नायलॉन बरोबर आहे, पण त्याच्या गुणातच त्याचा दोष आहे. २० मिमीचा नवा नायलॉन ७-८ टनांना तुटतो, म्हणजे ताकद बक्कळ. भिजल्यावर १०-१५ टक्के कमी होते, तरी पुरते. तो ताणतो म्हणून धक्का खातो. पण ताणतो म्हणजे दर लाटेला फेअरलीडमधून (दोर बोटीबाहेर जातो ती खोबण) पुढे-मागे घासतो. बाहेरून करवत चालते आणि आतून तंतू एकमेकांवर घासून तापतात. वादळ तासन्‌तास चालतं. दोर बाहेरून बरा दिसतो आणि आत वितळून एकजीव झालेला असतो.

उपाय असा की क्लीटपासून फेअरलीडच्या पुढे हातभर जाईपर्यंतचा तुकडा पॉलिएस्टरचा घ्यायचा. तो फार कमी ताणतो, त्यामुळे घासतही कमी. त्याच्यापुढे बोयापर्यंत नायलॉन. सांधा थिंबल (डोळ्यात बसवायची धातूची खोबणीदार कडी) घालून, दोन्ही टोकांना विणलेला डोळा. गाठ मारलीत तर दोराची निम्मी ताकद गाठीतच जाते.

साखळदंड

डायनिमा, तो अतिमजबूत कृत्रिम धाग्याचा दोर, का नाही? तो तर घासून घासून तुटत नाही.

पाणबुड्या

फेअरलीडमधल्या तुकड्याला चालेल, बरेच जण वापरतात. पण तो १४५ अंशाच्या आसपास वितळतो आणि ताणत अजिबात नाही, म्हणून सगळा दोर त्याचा नको. पूर्ण डायनिमा म्हणजे पुन्हा तुमचीच ताठ साखळी, फक्त हलकी.

कोनमापक

नायलॉनची लांबीही वाढवा. ३ मीटर दोर १० टक्के ताणला तर ३० सेंटिमीटर मिळतात. ८ मीटर घेतला तर ८०. येणाऱ्या लाटेवर नाळ मीटरभर उचलली जात असेल तर हा फरक साधा नाही. शिवाय लांबी वाढली की कोनही सुधारतो. एका दगडात दोन पक्षी.

काठावरची

एक बाळबोध प्रश्न. दोराभोवती प्लास्टिकचा पाण्याचा पाइप चढवतात, तेवढं पुरत नाही का?

पाणबुड्या

बाळबोध मुळीच नाही, कारण निम्म्या बोटींवर तोच असतो. अडचण अशी की घट्ट पाइपात पाणी शिरत नाही आणि उष्णता बाहेर पडत नाही. नायलॉनला थंड ठेवायला पावसाचं आणि लाटांचं पाणी हवंच. अग्निशमनाच्या नळीचं जाड कापड, कॅनव्हास, चामडं हे बरं. पाणी आत झिरपतं आणि झीज कापडाची होते.

आवरण दोरालाच बांधा, बोटीला नाही. दोराच्या पेडांतून सुतळी ओवून पक्कं करा, नाहीतर तासाभरात घसरत बोयापाशी जाऊन बसतं. आणि दोर ताणल्यावर घासण्याची जागा पुढे सरकते, तेव्हा आवरण फेअरलीडच्या दोन्ही बाजूंना भरपूर लांब हवं.

आणखी एक, जे हमखास राहून जातं. नाळेच्या रोलरवर तुमचा रोजचा नांगर अडकवलेला असेल. तो काढा. बोट वर-खाली नाचायला लागली की मुरिंगचा दोर त्या नांगराच्या पात्यावर घासतो, आणि मग वरचं सगळं आवरण-बिवरण व्यर्थ. रोलरच्या बाजूच्या पट्ट्या बुटक्या असतील तर दोर उडी मारून बाहेर येतो आणि पत्र्याच्या धारेवर बसतो. दोर रोलरवरून न नेता गुळगुळीत फेअरलीडमधून न्या.

निळी_रेघ

नांगर रोलरवरच आहे. उद्याच काढतो.

दोन दोर लावायचे तर दोन्ही सारखे की एक लांब?

तिरपा_वारा

सारखे. नाळेच्या दोन्ही बाजूंनी एकेक, भार वाटला जातो.

पाणबुड्या

मी असहमत. सारखे दिसतात पण बोट डावी-उजवीकडे झोकांड्या खाते तेव्हा भार एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर. दोन्ही एकाच वेळी झिजतात आणि एकापाठोपाठ जातात. दुसरा थोडा लांब आणि सैल ठेवला तर पहिला गेला तेव्हा दुसरा कोरा असतो. मात्र दोन्ही वेगवेगळ्या क्लीटवर, आणि बोयाखाली वेगवेगळ्या शॅकलने (पिन घालून बंद होणारी कडी) साखळीला. एकाच शॅकलमध्ये दोन्ही असतील तर दुसरा दोर नुसता दिखाव्याला.

तिरपा_वारा

एकूण भार वाटला गेला तर पहिला तुटायची वेळच येणार नाही, असं माझं म्हणणं. असो. यावर दोन तट कायम राहणार.

कोनमापक

क्लीट म्हणालात म्हणून. क्लीटखाली डेकच्या आत काय आहे ते बघा. नुसते वॉशर असतील तर झटक्याने क्लीट डेकचा तुकडा घेऊन उपटतं. जाड धातूची किंवा चिवट प्लायची रुंद पट्टी हवी. डोलकाठी डेकमधून खाली कीलवर (बोटीच्या तळकण्यावर) उभी असेल तर तिच्या बुंध्याला फिरवून एक राखीव दोर घेता येतो. डोलकाठी नुसती डेकवर उभी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

वल्हेवाला

धागा मस्त चाललाय. माझी ६ मीटरची उघडी बोट, डेक-बिक काही नाही. वजन कमी, वाऱ्याला अडणारं क्षेत्र कमी, मग माझं निम्म्यात भागेल ना?

कोनमापक

वाऱ्याच्या ओढीपुरतं, हो. पण तुमचा शत्रू पाऊस. ६ बाय २ मीटर म्हणजे १२ चौरस मीटर. २०० मिलिमीटर पाऊस झाला तर बोटीत २४०० लिटर पाणी, म्हणजे २.४ टन. ते पाणी लाटेबरोबर एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावतं. मुरिंग कितीही भक्कम असो, बोट त्याच्यावरच बुडते. पंप त्याला पुरा पडत नाही, बॅटरी त्याआधी मान टाकते. उघडी बोट ट्रेलरवर काढा. किनाऱ्यापासून दूर, उंचावर. तिथेही तळाचं बूच उघडं ठेवा आणि बोट जमिनीला बांधा.

साखळदंड

बरं, कोनमापकांनी माझ्या साखळीची पार रया घालवली, तरी साखळी लागणारच ना? नायलॉन थेट ठोकळ्याला तर नाही बांधणार?

पाणबुड्या

लागणारच. तळावर घासणारा भाग साखळीचाच हवा, आणि तिथे जाडीचा उपयोग झिजेसाठी आहे. साखळी सगळ्यात जास्त झिजते ती जिथे तळाला टेकते-उचलते तिथे, वाळू आणि चिखलाच्या घासणीने. वरून बोया ओढून पहिल्या दोन मीटर कड्या बघून "ठीक आहे" म्हणणाऱ्यांना हा भाग दिसतच नाही.

कडीला कडी जिथे टेकते तिथली जाडी व्हर्नियरने मोजा. १२ ची ९ झाली असेल तर फेकून द्या.

कोनमापक

+१. जाडी पाव भागाने घटली की छेदाचं क्षेत्र ०.७५ च्या वर्गाने, म्हणजे ५६ टक्क्यांवर येतं. "थोडीशीच झिजलीय" म्हणताना जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते.

पाणबुड्या

शॅकल साखळीपेक्षा एक माप मोठी. पिन तारेने बांधा, नाहीतर सततच्या हलण्याने ती स्वतःच उलगडत जाते. ही तार जस्ताचा मुलामा दिलेली किंवा मोनेलची (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची) घ्या. आणि गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) साखळीत चकचकीत स्टेनलेसची शॅकल नको. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडले की साखळीवरचं जस्त आधी खाल्लं जातं आणि मग साखळी.

फिरकी, म्हणजे स्विव्हल, खालच्या जाड आणि वरच्या बारीक साखळीच्या सांध्यावर. हा आतून न दिसणारा भाग आहे, त्यामुळे संशय आला तरी बदला. बोयाची आरपार जाणारी सळईही तशीच, फोममध्ये लपलेली असते. ताण सळईतून जाऊ देण्यापेक्षा दोर थेट साखळीला जोडा आणि बोया नुसता तरंगता ठेवा.

काठावरची

साखळीच्या मध्यावर जड वजन टांगतात म्हणे, त्याने कोन सुधारतो?

साखळदंड

हो, जुना उपाय. चांगला चालतो.

कोनमापक

मध्यम वाऱ्यात चालतो. ५०० किलोच्या ओढीत २० किलोचं वजन मध्ये लटकवून किती खाली खेचलं जाणार? तेवढंच लोखंड साखळीची लांबी वाढवायला वापरलं तर ते वादळातही उपयोगी पडतं.

साखळदंड

ठीक. हे मात्र पटलं.

तिरपा_वारा

लांबी वाढवा, लांबी वाढवा, सगळे सांगताहेत. शेजारच्या बोटींचं काय? मुरिंगच्या वाडीत प्रत्येक बोट आपापल्या वर्तुळात फिरते. तुम्ही दोर ८ मीटरचा केलात की तुमचं वर्तुळ शेजाऱ्याच्या वर्तुळात घुसलं. आणि दुसरीकडून बघा. तुमचं मुरिंग किल्ल्यासारखं भक्कम, पण वाऱ्याच्या वरच्या बाजूचा शेजारी सुटून तुमच्या नाळेवर येऊन आदळला तर दोन बोटींचा भार तुमच्या एका दोरावर. वादळाआधी वाडीतल्या सगळ्यांशी बोलणं हेही मुरिंगचंच काम आहे. एकट्याने भक्कम होऊन भागत नाही.

कोनमापक

अगदी खरं. वर्तुळ न वाढवता पकड वाढवायची असेल तर तीन नांगरांची रचना आहे. १२० अंशांवर तीन नांगर, तिघांच्या साखळ्या मध्यावर एका मोठ्या कडीला, तिथून स्विव्हल आणि वर बोट. प्रत्येक साखळी लांब आणि आडवी राहते, तरी बोट मध्याभोवती छोट्या वर्तुळात फिरते. वारा कुठूनही आला तरी किमान एक नांगर त्याच्या तोंडावर असतो.

वाऱ्याची दिशा बदलणार हे गृहीत धरा. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं, दक्षिणेत घड्याळाप्रमाणे. केंद्र तुमच्या कोणत्या बाजूने जातं त्यावर वारा कसा वळणार ते ठरतं. डोळा थेट डोक्यावरून गेला तर वारा पडतो, आणि मग उलट दिशेने पुन्हा पूर्ण जोराने येतो. एका बाजूने डोंगराचा आडोसा बघून निश्चिंत झालेली बोट तेव्हा उघडी पडते. एकाच दिशेला चिखलात रुतलेला नेहमीचा नांगरही अशा वेळी उलटा फिरून उखडतो.

काठावरची

आणि वारा पडला तेव्हा बोटीवर जाऊन दोर बदलून यायचं का?

पाणबुड्या

नाही. डोळ्यात किती वेळ आहे ते तुम्हाला तिथे उभं राहून कळत नाही. लाटाही तेव्हा पडलेल्या नसतात.

निळी_रेघ

हे विचारणारच होतो. एक मित्र म्हणतो की बोटीवर थांबावं, इंजिन सुरू ठेवून पुढे रेटत राहिलं की दोरावरचा भार कमी होतो.

तिरपा_वारा

मित्राला घरी बसवा. ६० नॉटच्या वाऱ्यात पुढचं दिसत नाही, पाण्याचे फवारे डोळे उघडू देत नाहीत. जरा पुढे गेलात की दोर सैल पडतो, बोट आडवी होते आणि मग सगळं वजन एका झटक्यात दोरावर येतं. पंख्यात सैल दोर गुंतला की इंजिनही गेलं. बोट विम्याची बाब आहे, माणूस नाही.

पाणबुड्या

+१०० तिरपा_वारा यांना. बोटीवर कुणीही नको, या मुद्द्यावर माझ्याकडून चर्चा नाही.

त्यापेक्षा आदल्या दोन दिवसांत वारा अडवणारं सगळं उतरवा. गुंडाळलेलं पुढचं शीडसुद्धा. ते गुंडाळलंय म्हणून लोक तसंच ठेवतात, वाऱ्याने एक टोक सुटतं आणि फडफडत पूर्ण उलगडतं. त्या क्षणी बोट नुसती उभी नसते, ती मुरिंगवर शीड लावून धावत असते. छत, कापडी आडोसे, सोलर पॅनल, बाहेर बांधलेली छोटी होडी, सगळं खाली. डोलकाठीवरचे जास्तीचे दोर काढून त्यांच्या जागी बारीक सुतळी ओवून ठेवा, नंतर तिनेच परत खेचता येतात. सीकॉक (बोटीच्या तळाकडचे पाण्याचे झडपे) बंद, कॉकपिटचे निचरे मात्र उघडे आणि साफ. इंजिनाच्या धुराड्याला बूच, आणि त्या बुचाची चिठ्ठी किल्लीला. पंपाची बॅटरी पूर्ण चार्ज.

वल्हेवाला

बुचाची चिठ्ठी आवडली. ज्याने लिहिली नसेल त्याचं इंजिन काय आवाज करेल या विचाराने हसू आलं.

निळी_रेघ

मंडळी, आभार. ठोकळा काढून स्क्रू नांगर टाकायचं ठरवतोय. खालची साखळी २० मिमीची आणि वर ८ मीटरचे दोन दोर, एक लांब. शेजाऱ्यांशी बोलणं सुरू केलंय. तिघांपैकी दोघे लांबी वाढवायला तयार आहेत, तिसरा बोट बाहेर काढणार आहे, म्हणजे त्याची जागा मोकळीच.

साखळदंड, तुमची २० मिमी शेवटी आलीच बघा.

साखळदंड

तेच म्हणतोय पहिल्यापासून. :)

बोयाचं बघा आता. २० मिमीची साखळी उचलून धरायला जुना बोया पुरणार नाही. लटकणाऱ्या साखळीच्या वजनाच्या किमान दुप्पट उचल असलेला घ्या, आणि वजन धरताना फुगवट्याचं वाढीव पाणीही धरा. नाहीतर पाणी चढलं की बोयाच बुडतो आणि बोटीची नाळ खाली खेचली जाते.

निळी_रेघ

हे लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. पाणबुड्या, स्क्रू नांगर बसवणाऱ्याला काय विचारू?

पाणबुड्या

बसवताना यंत्राचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, शेवटच्या मीटरला किती होता, तो आकडा लेखी मागा. पकड त्यावरून काढता येते. टॉर्क वाढतच नसेल तर पाती मऊ चिखलातच फिरताहेत. मग दांड्याला जोड देऊन खालच्या घट्ट थरात न्यायला सांगा. आणि बसवल्यावर ओढून बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका.

वादळ येऊन गेलं की बोट जागेवर दिसली तरी खाली एक फेरी माराच. साखळीला पीळ बसलेला असतो, शॅकलच्या तारा तुटलेल्या असतात. वरच्या दोराचे पेड हाताने उलगडून आत बघा. तंतू चकाकताहेत आणि काडीसारखे कडक लागले तर तो दोर आतून वितळलाय. कापून टाका. लटकवून ठेवू नका, कुणीतरी उचलून वापरतं.

काठावरची

तपासणीसाठी स्वतः उतरता येईल का, की पाणबुड्याच हवा?

पाणबुड्या

मोठ्या ओहोटीला पाणी ३ मीटरच आहे आणि दिसत असेल, तर सोबतीला कुणी असताना उतरा. चिखलाच्या तळात मात्र दिसत नाही, सगळं हाताने चाचपावं लागतं. त्यापेक्षा बोटीवरच्या विंचने साखळी थोडी थोडी वर घेऊन ठोकळ्यापर्यंतच्या कड्या मोजमाप करत बघितलेल्या बऱ्या. हातात व्हर्नियर, आणि हातमोजे घाला. साखळीवरचे शिंपले ब्लेडसारखे कापतात.